हेमाकाकी आणि गुरुजींचे सहा सदरे

हेमाकाकीने आयुष्यात जेवढी कामं केली, त्याहून जास्त परत पाठवली असतील. डहाणूत कॉम्प्युटरवर चालणारं भरतकामाचं मशीन घेऊन बसलेली, आणि दारात आलेल्या गिऱ्हाइकाला "यावर भरतकाम करू नका" असं सांगणारी दुसरी बाई मी पाहिली नाही. पिठाच्या गिरणीमागच्या बोळात तिची खोली होती. आत एक बाकडं, भिंतीला रिळांचं कपाट आणि उरलेल्या जागेत ते बारा सुयांचं धूड. ते सुरू झालं की कुणाचं कुणाला ऐकू यायचं नाही. त्यामुळे काय बोलायचं ते आधी, आणि तिचं बोलणं म्हणजे उलटतपासणीच. घालणारा कोण? वय काय? धुणार कोण, हाताने की मशीनमध्ये? घरी पाणी कुठलं, नळाचं की बोअरचं?

गुजराती गिऱ्हाइकं तिला हेमाबेन म्हणत आणि तिच्यावर मनापासून वैतागत. एकदा माझ्यासमोरच एक चिकूचा व्यापारी आला होता. घरात लग्न, वरातीतल्या सगळ्यांच्या झब्ब्यांवर नवरानवरीची नावं हवीत, आणि परवा हवीत. "बेन, जल्दी करी आपो ने," तो म्हणाला. काकीने झब्बा चुरगाळून पाहिला, उजेडाकडे धरला. कापड इतकं झिरझिरीत होतं की पलीकडची गिरणी दिसत होती. "जल्दी होय तो छपावी लो," ती म्हणाली. शेठ म्हणाला, छापलेलं हलकं दिसतं. तेव्हा ती मराठीत आली. राग आला की ती मराठीत यायची. "शेठ, ही कांद्याची साल आहे. हिच्यावर मी टाके मारले की सगळं गोळा होईल. वरात संपायच्या आधी तुमच्या पाहुण्यांच्या छातीवर चुण्या पडलेल्या असतील. मग नाव कुणाचं येईल? माझं." शेठ झब्बे घेऊन गेला. काकीने पंखा वाढवला आणि म्हणाली, "गेला ते बरं झालं."

माझी तिची ओळखही अशीच, नकारापासून झाली. मी तलासरीच्या शाळेत शिकवते, राहायला डहाणूत. आमच्या मुलींचा कबड्डीचा संघ जिल्ह्याला निघाला होता आणि हेडमास्तरांनी जर्सीवर शाळेचं नाव भरून आणायचं काम माझ्या गळ्यात घातलं होतं. काकीने जर्सी दोन्ही हातांनी ताणली आणि सोडून दिली.

"हे कापड ताणतं. दोरा ताणत नाही. पोरी पडणार, घासणार. छापून घ्या."

"छापलेलं निघून जातं हो," मी म्हटलं.

"जाऊ दे की. कातडी निघण्यापेक्षा बरं."

मला राग आला होता. पण मी निघाले तेव्हा तिने मागून हाक मारली आणि विचारलं, पोरींना बॅगा आहेत का? मग बॅगांवर तिने नावं भरून दिली, प्रत्येकीचं वेगळं. त्या बॅगा मुली अजून वापरतात, शाळा सोडून गेल्या तरी.

पाण्याचा प्रश्न ती का विचारते, ते मला पुढे कळलं. ती मूळची समुद्राकडची, चिखल्याची सून. तिथल्या बोअरचं पाणी मचूळ. अशा पाण्यात स्वस्तातला लाल दोरा रंग सोडतो आणि पांढऱ्या कापडावर गुलाबी डाग पसरतो. म्हणून ती गिऱ्हाइकाच्याच कापडाच्या तुकड्यावर एक फूल काढून द्यायची आणि सांगायची, घरी न्या, तुमच्या पाण्यात तीनदा धुवा, मग घेऊन या. निम्मे लोक परत यायचेच नाहीत. जे यायचे ते मात्र कायमचे.

आणि सगळ्यात शेवटी ती कपडा उलटा करायची. भरतकामाच्या पाठीमागे बकरमचा कडक तुकडा लावावा लागतो, नाहीतर कापड सुईखाली ओढलं जातं. काम झालं की तो कडेने कापून टाकायचा, दोऱ्यांची टोकं कापायची, आणि लहान मूल किंवा म्हातारं माणूस घालणार असेल तर वरून मऊ मलमल लावायची. मग काकी डोळे मिटून उलट्या बाजूवर बोट फिरवायची. "सुलटी बाजू लोकांची, उलटी अंगाची," असं तिचं म्हणणं. बोट कुठे अडलं तर पुन्हा कात्री.

तिचा नवरा लवकर गेला. मूलबाळ नाही. दिराच्या घरी, चिकूच्या वाडीत, ती बारा वर्षं फळं निवडत होती. मोठी एका क्रेटमध्ये, मधली एका, बारीक एका. घरातले वाईट नव्हते. पण तिला विचारून घरात काही ठरत नसे, भाजीसुद्धा. मग ती उंबरगावच्या बाजूला एका कपड्यांच्या कारखान्यात कामाला लागली, तिथे मशीन शिकली, आणि कारखान्याने जुनं मशीन काढलं तेव्हा तेच आणून डहाणूत बसली. एकदा मी विचारलं, "काकी, घरची आठवण नाही येत?" ती म्हणाली, "येते ना. पण इथे मी नाही म्हटलं की नाही असतं. तिथे मी हो म्हटलं काय, नाही म्हटलं काय. मला परत त्या क्रेटांपाशी बसायचं नाही, सुजाता." तिच्या तोंडून स्वतःबद्दल एवढं सरळ वाक्य मी त्या आधी ऐकलं नव्हतं.

मी बऱ्याच शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की तिच्याकडे टेकायची. अशाच एका शनिवारी ती सुई बदलत माझ्याशी बोलत होती. गिरणीवाल्याच्या सुनेची काहीतरी हकीगत सांगत होती, हसत होती. मला फ्रेममधल्या पांढऱ्या कापडावर लाल ठिपका दिसला. मग दुसरा.

"काकी, रक्त."

तिने बोट वर केलं. सुई चांगली आत गेली होती. ती बोटाकडे बघत राहिली, दुसऱ्या कुणाचं बोट असावं तशी. मग म्हणाली, "दार लोटून घे."

साखरेचा आजार तिला होताच. डॉक्टरांनी सांगितलं होतं, बोटांची जाणीव जाते कधीकधी, पायांची आधी, मग हातांची. तिच्या हाताच्या बोटांची टोकांकडून गेली होती. कधीपासून, ते तिने मला सांगितलं नाही. मी हिशेब केला तर गेल्या सहा महिन्यांत ती डोळे मिटून बोट फिरवायची ते नुसतंच फिरवायची. कुणाला कळू न देता कपडे दोनदोनदा कापत होती, मलमल दुहेरी लावत होती.

"हे कुणाला कळलं तर संपलं," ती म्हणाली. "दीर उद्या टेंपो घेऊन येईल. म्हणेल, वहिनी, झालं की आता, चला घरी."

म्हणून असं ठरलं की शनिवारी मी यायचं आणि आठवड्याच्या कामांवर हात फिरवायचा. ठरलं म्हणजे तिने विचारलं नाही आणि मीही मोठेपणा दाखवला नाही. तिने कपड्यांचा गठ्ठा बाकड्यावर ठेवला आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. मी उलट्या बाजूवर बोट फिरवलं. "इथे कोपरा लागतोय," मी म्हटलं. तिने कात्री घेतली. पुढची दोन वर्षं हे चाललं. तिचं काम त्या दोन वर्षांत आधीपेक्षा चांगलं झालं असं मला वाटतं. माझं बोट बरं होतं. मीही जरा मिरवले असेन मनातल्या मनात.

प्रकाशला तिच्याकडे मीच पाठवलं. त्याची मुलगी माझ्या वर्गात होती. त्याचे वडील प्राथमिक शाळेतले निवृत्त गुरुजी, तलासरीतच राहायचे, आणि त्यांची स्मृती जात चालली होती. उठायचे आणि हायवेने चालू लागायचे. तीनदा हरवले होते. खिशात चिठ्ठी ठेवली तर गुरुजी ती फाडायचे, गळ्यात बिल्ला घातला तर ओढून काढायचे, सदऱ्यावर पेनाने लिहिलं ते धुण्यात गेलं.

"घालणाऱ्याला आणा," काकीने त्याला सांगितलं.

त्याने आणलं. गुरुजी बाकड्यावर बसले, खोलीकडे एकदा नजर फिरवली आणि काकीला म्हणाले, "गृहपाठ झाला का?"

"करते, गुरुजी," काकी म्हणाली. "तुम्हाला अंगाला काय टोचलेलं खपत नाही?"

"आळशी पोरं," गुरुजी म्हणाले, आणि सातचा पाढा सुरू केला.

प्रकाशचं म्हणणं होतं की छापून घ्यावं, लवकर होईल. काकीने सदऱ्याचं कापड चोळून पाहिलं. चांगलं जाड सुती होतं. ती म्हणाली, "छापलेलं वर्षाने पुसट होईल. आणि वर्षाने हे जास्त हरवतील. हे भरूनच घेऊ. पुढे नको, दिसलं की उपटायला बघतील. पाठीवर, कॉलरच्या खाली. हरवलेला माणूस लोकांना पाठमोराच दिसतो." नाव, गाव, प्रकाशचा फोन नंबर. गडद निळा, न विटणारा दोरा. सहा सदरे. इतक्या लोकांना परत पाठवणाऱ्या काकीने हे काम स्वतः मागून घेतल्यासारखं घेतलं.

त्याच सुमाराला माझी आई गेली होती. सव्वा महिना झाला असेल. मला रडू आलं नव्हतं. मी दूध तापवत होते, पेपर तपासत होते, हजेरी घेत होते. लोक म्हणत, किती धीराची आहे. धीर वगैरे काही नव्हतं. आत काहीच नव्हतं, एवढंच.

त्या शनिवारी सहा सदरे घडी करून बाकड्यावर ठेवले होते. काकी पाठ करून रीळ गुंडाळत उभी होती. मी पहिला उलटा केला, हात फिरवला. मऊ होता. दुसराही मऊ. तिसऱ्याच्या घडीवर माझा हात तसाच राहिला. मला बस पकडायची नव्हती, घरी कुणी वाट बघत नव्हतं, काहीसुद्धा नव्हतं. माझ्या बोटांना सगळं कळत होतं, पण तो सदरा उलटवावा असं मला वाटेना.

"कसे आहेत?" काकीने न वळता विचारलं.

"चांगले आहेत."

"सगळे?"

"सगळे."

तिने ते कागदात बांधले.

पाच महिन्यांनी गुरुजी पुन्हा हरवले. तिसऱ्या दिवशी सापडले ते विवळवेढ्याला, देवळाच्या वाटेवर बसणाऱ्या लोकांमध्ये. अंगावर सदरा नव्हता. कुणीतरी शाल दिली होती, खायला दिलं होतं. लोकांनी नाव विचारलं तर ते पाढे म्हणायचे. दोन दिवस, दोन रात्री लोकांनी त्यांना सांभाळलं म्हणायचं, पण ते कुणाचे हे कुणाला कळायला वाट नव्हती. घरी आणलं तेव्हा ताप होता. चार दिवसांत गेले.

दिवस उरकल्यावर प्रकाश काकीकडे आला. तो भांडायला आला नव्हता, उलट तिचं समाधान करायला आला होता. "काकी, तुम्ही मन लावून केलं होतं. बाबाच काढायचे. पाठीला लागतंय म्हणायचे कधीकधी. आम्हाला वाटलं, सवय होईल." तो सदरा काही मिळाला नव्हता.

शनिवारी मी गेले. मशीन बंद होतं.

"सुजाता, त्या सदऱ्यांवर हात फिरवला होतास ना? सहाच्या सहा?"

मी हो म्हटलं.

तिने मान हलवली. "मग कामात चूक नव्हती. माझं ठरवणंच चुकलं. म्हाताऱ्या कातडीवर दोरा नकोच होता. छापायचं आणि दर वर्षी नवं करून द्यायचं. एवढं साधं मला सुचलं नाही."

सांगता आलं असतं तेव्हा. ती समोर बसली होती, खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मी चहाचा कप खाली ठेवला आणि निघाले.

पुढच्या आठवड्यात मी प्रकाशकडे भेटायला गेले. उरलेले पाच सदरे ट्रंकेवर घडी करून ठेवले होते. प्रकाशची बायको चहा टाकायला आत गेली तेव्हा मी एकेक उलटा केला. चार मऊ होते. पाचव्याला मलमलीखाली बकरमचा एक कोपरा राहिला होता, नखाएवढा, कडक. बोट लगेच अडलं. सहावा कसा असेल ते मला कळलं. मी सदरा होता तसा घडी केला. चहा आला, तो प्यायले.

त्यानंतर काकीने प्रश्न विचारणं सोडलं. गिऱ्हाईक आलं की ती कापड हातात घ्यायची आणि तशीच परत द्यायची. पिशवी आणली तरी नाही, देवाचं वस्त्र आणलं तरी नाही. "कशावर काय चालेल ते मला आता सांगता येत नाही," म्हणायची. दोन महिन्यांत खोली सोडली. दीर टेंपो घेऊन आला. मशीन ताडपत्रीत गुंडाळून चिखल्याला गेलं. मी शाळेत होते. असते तरी काय केलं असतं?

दोन वर्षं मी तिकडे फिरकले नाही. आमच्याकडून चिखले काही लांब नाही, रिक्षा जाते. परवा बस स्टँडवर प्रकाश भेटला. मुलीच्या बारावीचं सांगत होता. जाता जाता म्हणाला, "टीचर, काकी भेटल्या तर सांगा, बाबांचे पाचही सदरे ठेवलेत मी. बाबा होते तोवर धुवून धुवून कापड विटलं, पण नावाचा एक टाका हलला नाही." मी त्याला बरं म्हटलं. मग तलासरीच्या बसमध्ये बसायच्या ऐवजी रस्ता ओलांडला आणि रिक्षा केली.

काकी पडवीत क्रेटांच्या मध्ये बसली होती. वाळली होती. चष्मा लागला होता. चिकू ती आता बोटांनी नाही, डोळ्यांनी निवडत होती. एकेक फळ उचलून उजेडात धरायची. मला बघून म्हणाली, "अगं, ये." पलीकडे तिचा दीर खुर्चीत पेपर वाचत होता. त्याने मान हलवली.

मी उभ्यानेच सांगितलं. बसले असते तर सांगितलं नसतं. "काकी, मी सहा सदरे पाहिले नव्हते. दोनच पाहिले. उरलेल्यांपैकी एकाला कोपरा राहिला होता, मी नंतर प्रकाशकडे जाऊन बघितला. ठरवणं तुमचं चुकलं नव्हतं."

तिच्या हातात एक चिकू होता. तो तिने क्रेटमध्ये ठेवला, कुठल्या ते न बघता.

"म्हणजे भरून दिलं ते बरोबर होतं," ती म्हणाली.

"हो."

"दोन वर्षं," ती म्हणाली. "रोज त्या माणसाचा सदरा मी डोळ्यांपुढे आणलाय. याला छापायला हवं होतं, याला छापायला हवं होतं. आणि तू डहाणूत होतीस."

"हो."

"का नाही सांगितलंस?"

आई गेली होती, हे कारण नव्हतं. आई सगळ्यांचीच जाते.

काकी जमिनीला हात टेकून उठली. पदर झटकला. दिराकडे गेली आणि म्हणाली, "भावजी, पावसाच्या आधी मी डहाणूला खोली बघणार आहे. मशीनची ताडपत्री सोडवायला माणूस लागेल."

दिराने पेपर खाली केला. "या वयात? आणि हाताचं काय, वहिनी?" म्हणजे घरी कळलेलं होतं.

"हात दुसऱ्याचा घेईन," ती म्हणाली. "आधी घ्यायचे तसा. फक्त लपवून नाही. बोर्डावर लिहीन हवं तर."

मी पटकन म्हणून गेले, "काकी, शनिवारी मी येत जाईन."

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. कापड बघायची तसं, नीट, वेळ घेऊन.

"नको," ती म्हणाली. "तुझा नको."

मला ते लागलं. किती दिवसांनी मला काही लागलं, मला सांगता येत नाही. छातीत दुखलं, खरोखरचं, आणि फाटकाकडे चालताना डोळ्यांपुढचं दिसेना, तेव्हा समजलं की मी रडते आहे. काकी बोलवायला आली नाही, आणि तिने यावं असं मला वाटलंही नाही.

रिक्षा वळवून घेईपर्यंत मी फाटकाशी उभी होते. पडवीत दीर काहीतरी विचारत होता, आणि काकी माझ्याकडे पाठ करून, दोन्ही हात लांब पसरून, त्याला मशीनला किती जागा लागते ते दाखवत होती.